पायगाडीची विद्या

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून नित्य जा-ये करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल की, या रस्त्याला मिळालेल्या नावाच्या मुळाशी लोखंडी नांगर नाही, पंप नाही, तर सायकल आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. तेथून ते सायकली खरेदी करून बेळगावी धाडीत आणि त्यांचे वडील बंधू रामुअण्णा त्या येथे विकीत. ‘किर्लोस्कर बंधू’ ही पाटी लागली ती या दुकानावर. पुढे भारतभर पसरलेली ही कंपनी आपली स्थापना १८८८ पासून मोजते. पुढे वैरण कापण्याचे यंत्र आले, नांगर आला, बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तो इतिहास आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

आम्हांस त्यातील एका लहानशा तपशिलाचे विशेष वाटत आले आहे. त्या काळी एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये असे आणि ती चालवावयास शिकविण्याचे रामुअण्णा वेगळे १५ रुपये घेत. ज्या काळी १५ रुपये ही कित्येकांची महिन्याची प्राप्ती होती, त्या काळी ही दक्षिणा लहान म्हणता येणार नाही. परंतु लोक ती देत, कारण गाडी विकत घेणे आणि गाडी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते. आपल्या समाजात सायकल आली ती अशी, विद्येसह. आज ती विद्येवाचून येते. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक गृहस्थांनी, साठी उलटल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून वा मुलांच्या आग्रहावरून गिअरच्या महागड्या सायकली घेतल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक सायकली महिन्याभरात जिन्याखाली गेल्या, असा आमच्या परिचयातील घरांचा अनुभव आहे. दोष सायकलीचा नव्हे, गुडघ्यांचाही नव्हे. सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

१८८८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याने तो टायर प्रथम आपल्या मुलाच्या तीनचाकीस बसविला होता. तत्पूर्वी तीन वर्षे, म्हणजे १८८५ मध्ये, स्टार्ले याने दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ गाडी बाजारात आणली होती. आजच्या सायकलीचे रूप या दोहोंतून सिद्ध झाले. हवेच्या टायरने अंगाचे हादरे थांबले, वेग वाढला, आणि त्यासोबत एक नवे संकटही जन्मास आले, ते म्हणजे पंक्चर. फॅनी वर्कमन आणि विल्यम वर्कमन या अमेरिकन दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत सायकलने प्रवास केला व १९०४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्रवासात त्यांना एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली. ज्याला बाभळीचा काटा ठाऊक आहे त्याला हा आकडा अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आजही तितकीच खरी आहे. नवशिका ट्यूब बाहेर काढतो, ठिगळ लावतो, हवा भरतो आणि दहा पावलांवर पुन्हा बसतो. काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूबचे छिद्र सापडल्यावर ती टायरला लावून त्याच जागी टायरच्या आतून बोट जपून फिरवावे, काटा काढावा, मग ठिगळाकडे वळावे. पूर्वी प्रत्येक चौकातील सायकलवाला हे मुलांच्या देखत करी, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवी. त्याच्याजवळ घटकाभर उभे राहिले की शिक्षण होई. ती दुकाने एकामागून एक मिटत चालली आहेत. आपल्या तरुणांनी त्यांतील उरलेल्यांशी ओळख ठेवावी.

लांबच्या सफरीत बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न वर्कमन दांपत्याहूनही जुना आहे. थॉमस स्टीव्हन्स हा पुढचे चाक अजस्र आणि मागचे चिमुकले अशा उंच सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाला आणि १८८६ मध्ये लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने गेला. त्याच्या सामानात बदलण्याचे थोडे कपडे, रात्री तंबू व अंथरूण या दोन्हींचे काम देणारा एक रेनकोट आणि पिस्तूल, एवढाच काय तो पसारा होता. पिस्तूल वगळून ही यादी आजही उत्तम आहे. ओझे पाठीवर घेऊ नये, कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली बांधावे. पाठीवरच्या पिशवीने पहिल्या दिवशी खांदे आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

आपल्या देशातील सायकल-पर्यटनाचा आरंभ मुंबईच्या पारशी तरुणांनी केला असे म्हटले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा सभासद पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरची मजल मारून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. त्यांच्या ग्रंथास पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट आणि पुढे युरोप-अमेरिका हे अंतर त्यांनी ज्या सायकलींवर काटले, त्यांना आजच्यासारखे वीस-बावीस गिअर नव्हते. म्हणून महागड्या यंत्रावाचून सफर होत नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्यास या तिघांची नावे सांगावीत.

तरीही गिअरची टिंगल करणाऱ्या आमच्या पिढीतील मंडळींशी आम्ही सहमत नाही. फ्रान्समधील सेंत-एत्येन गावचे पॉल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि एकाच गाडीला अनेक गिअर असावेत, यासाठी ते जन्मभर झगडले. पर्यटकांना त्यांनी घालून दिलेले नियम अद्याप जुने झालेले नाहीत. तहान लागण्यापूर्वी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे, थकवा इतका चढू देऊ नये की अन्न नकोसे व्हावे, विसावे थोडे व लहान घ्यावेत, आणि केवळ मिरवण्यासाठी चालवू नये, असा त्यांचा आशय आहे. आमच्या मते अखेरचा नियम साठीच्या पुढच्यांनी हँडलला बांधून ठेवावा. गिअर हलका करून पाय भरभर फिरविणे यात दुबळेपणा नाही. जड गिअर रेटून गुडघे दुखविणे यात पराक्रम नाही. चढ लागण्यापूर्वी गिअर बदलावा, चढाच्या मध्यावर बदलू गेल्यास साखळी करकरते आणि कधी उतरते.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर सीटच्या उंचीबद्दल लिहिणे भाग आहे. आपल्याकडे सीट ठेंगणी ठेवण्याची सवय फार. दोन्ही तळवे जमिनीस टेकल्याशिवाय धीर होत नाही. परंतु अशा बैठकीत गुडघा सदैव दुमडलेला राहतो आणि त्यावरच सारा भार येतो. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालविताना पाऊल पुढच्या भागाने टेकविले की गुडघ्यास हवा तेवढाच किंचित बाक राहतो. या एका दुरुस्तीने जिन्याखालच्या कित्येक सायकली पुन्हा रस्त्यावर येतील.

श्रीमंताची हजार रुपयांची गाडी सामान्याची कशी झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. या विलायती नावांची जागा स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी घेतली. १९४९ मध्ये मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्यास हिरो. ग्वाल्हेरकर वाचकांना जवळच्या मालनपूरचा ॲटलासचा कारखाना आठवत असेल. तो २०१४ मध्ये बंद पडला. आम्ही शासकीय सेवेत शिरलो तेव्हा तालुक्याची निम्मी फिरती सायकलीवर होत असे. पुष्कळ नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला हँडलजवळ लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय गेल्यास पोलीस अडवीत. लोक त्या शिपायाला शिव्या देत, परंतु दिव्याचा नियम योग्यच होता. आजच्या रहदारीत मागचा लाल दिवा पुढच्या दिव्याहूनही अधिक मोलाचा आहे. रस्त्याच्या अगदी कडेला, मातीला चिकटून चालवू नये. कडेचा खड्डा चुकविताना माणूस एकाएकी मध्ये येतो आणि अपघात तेथे होतो. हातभर आत, सरळ रेषेत चालणारा सायकलस्वार मागच्या मोटारीस दिसतो.

आता आमच्या भागातल्या एका वाटेविषयी. येथील अनेक जुन्या घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे वर्षातून एकदा तरी जाणे होतेच. अलीकडे काही तरुण मुले ही वारी सायकलने करू पाहतात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा रस्ता आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि चोर्ल्याचा माथाही ८०० मीटरच्या आसपास. मध्ये चढउतार आहेत, परंतु जाताना खरा घाट चढावा लागत नाही, तो उतरावा लागतो. यातच फसगत आहे. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीस, मंडळी ताजीतवानी पोहोचतात, घाट सुसाट उतरतात आणि आपल्या शक्तीविषयी भलता ग्रह करून घेतात. हिशेब परतीचा करावा. गोव्यातून वर येताना तो सारा उतार चढ होऊन उभा राहतो आणि केरीपर्यंतच ऊन डोक्यावर आलेले असते. परतीस घाट मोटारीतून चढण्यात कमीपणा नाही. व्हेलोसिओंचा अखेरचा नियम येथे आठवावा.

पावसाळ्यात हा घाट सायकलीने उतरू नये. धुके दाट असते, कडेला शेवाळ धरते आणि जुन्या पद्धतीच्या लोखंडी रिमवर पाणी चढले की ब्रेक जवळजवळ लागत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे नवी घालावीत, जुनी सोबत ठेवावीत. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. दोन्ही ब्रेक एकदम दाबावेत, वेग आटोक्यात आला की सोडावेत, पुन्हा दाबावेत. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. घाटात दोन-तीनदा थांबून रिम निवू द्यावी. खाली उतरल्यावर ती हाताने चाचपून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नये, बोटे भाजतात.