मेंदूची साक्ष आणि मौनाचा हक्क

मुद्रांक घोटाळ्याच्या तपासातील ब्रेन मॅपिंगला मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये मान्यता दिली, तेव्हा त्यामागील युक्तिवाद सरळ होता. या चाचणीत आरोपी काही बोलत नाही. सबब ते निवेदन ठरत नाही. बोटांचे ठसे व हस्ताक्षर यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये काठी कालू ओघड खटल्यात दिलेल्या निर्णयाचीच ही छाया होय.

त्यानंतर चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली ‘बीईओएस’ ही चाचणी महाराष्ट्र व गुजरातमधील न्यायसहायक प्रयोगशाळांत आली. महाराष्ट्रातील अशा प्रयोगशाळांचे संचालनालय उपनगरातील कलिना येथे आहे. पुण्याच्या एका खून खटल्यातील आरोपी विद्यार्थिनीची ही चाचणी मुंबईत झाली. तिच्या डोक्याला 32 इलेक्ट्रोड लावून, ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा आशयाची प्रथमपुरुषी वाक्ये तिला ऐकविण्यात आली. ती अखेरपर्यंत गप्प होती. तरीही तिच्या मेंदूत ‘अनुभवजन्य स्मृती’ आढळल्याचा निष्कर्ष निघाला, आणि जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला दोषी ठरविताना तो विचारात घेतला. मात्र वाक्ये तपासयंत्रणेच्या कथनावर बेतलेली असतात, ही बाब येथे दुर्लक्षिता येत नाही.

5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करण्यास मनाई केली. मेंदूचा प्रतिसाद ही निव्वळ शारीरिक खूण नसून व्यक्तीच्या ज्ञानाचे प्रकटन आहे, म्हणून अनुच्छेद 20(3) लागू होतो, असे न्यायालयाने मानले. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही. तिच्या साहाय्याने पुढे हाती लागलेली वस्तू वा माहिती मात्र ग्राह्य धरता येते. कोठडीतील संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्यामुळे उरलाच.