हापूस का बदलत नाही?

आजचा विषय उत्क्रांती. आता रत्नागिरीत उत्क्रांतीवर बोलायचं तर गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. आपल्याकडे रायवळ आंबा आहे आणि हापूसचं कलम आहे. तेवढ्यावर भागेल.

रायवळचा बाठा पेरला तर काय उगवतं? आंबाच उगवतो, फणस नाही. पण तो आईसारखाच असेल याची खात्री नाही. एखादा आंबट, एखादा रेषाळ, एखादा साखरेसारखा. कारण मोहोरावर माश्या बसतात, दुसऱ्या झाडाचे पराग आणतात, आणि दोघांचे गुण एकत्र येऊन नवं झाड होतं. हापूसचा बाठा पेरला तरी हेच घडतं. त्यातून हापूस मिळेलच असं नाही. म्हणून तर कलम बांधायचं.

आंब्याला कलम बांधण्याची कला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली असं मानतात. हापूस हे नावही आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून आलं असं सांगतात. कलम म्हणजे काय, तर आवडलेल्या झाडाची फांदी दुसऱ्या खुंटावर जगवायची. फांदी तीच, गुण तेच. म्हणजे आनुवंशिकतेच्या हिशेबात कोकणातल्या हापूसच्या बागा जवळजवळ एकच झाड आहेत. फांदीत क्वचित एखादा बदल होतो, नाही असं नाही. पण बाकी ते झाड काळाबाहेर उभं आहे.

आता डार्विनकडे या. 1859 साली त्याचा ग्रंथ आला. त्याचं पहिलं प्रकरण कशावर आहे? माणसानं पाळलेल्या प्राण्यांवर आणि लावलेल्या झाडांवर. तो स्वतः कबुतरं पाळायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. एक, एकाच जातीतले जीव सारखे नसतात. दोन, त्यांतले काही फरक पुढच्या पिढीत उतरतात. तीन, जन्माला येतात तितके सगळे जगत नाहीत. मग ज्यांचे फरक त्या जागी उपयोगी पडतात, त्यांची संतती जास्त उरते. पाळणारा माणूस हे मुद्दाम करतो. निसर्गात मुद्दाम करणारा कुणी नाही, तरी निवड होतेच.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोकांना वाटतं की गरज पडली म्हणून जीव स्वतःला बदलतो. तसं नाही. तुमच्या बागेतलं तुडतुड्यांचंच घ्या. तेच ते औषध वर्षानुवर्षे फवारलं की काही काळानं ते लागू पडेनासं होतं. एकेक तुडतुडा काही औषध पचवायला शिकत नाही. ज्यांच्यात आधीपासून थोडी ताकद होती ते वाचले, बाकीचे मेले, आणि पुढची पिढी वाचलेल्यांची झाली. बदलला तो तुडतुडा नव्हे, बदलली ती तुडतुड्यांची वस्ती.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं मला ही फार मोठी गोष्ट वाटते. प्लेटोपासून एक समजूत चालत आली की प्रत्येक जातीचा एक आदर्श नमुना असतो आणि प्रत्यक्षातले फरक म्हणजे त्या नमुन्यातली खोट. डार्विननं हे उलटं केलं. फरक हेच खरं भांडवल. नमुना ही आपली सोय.

हे भांडवल दीर्घकाळ वापरलं गेलं की काय होतं? एका वस्तीचे दोन भाग पडतात, मधे समुद्र किंवा डोंगर येतो, दोन्हीकडे वेगळी निवड होत राहते आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. दोन जाती झाल्या. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. आंब्याचा चीक उततो, बिब्ब्याचं तेल उततं, काजूच्या टरफलाचंही. तिन्हींतली रसायनं एकमेकांची भावंडं. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी इकडे आणला. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले नातेवाईक रत्नागिरीच्या कातळावर शेजारी झाले!

आता मुद्दा. तुडतुडे बदलतात, बुरशी बदलते, हवामान बदलतं, हापूस बदलत नाही. आयर्लंडमध्ये गरिबांची बटाट्याची शेती मुख्यतः एकाच वाणावर उभी होती, आणि बटाटाही कंदापासूनच लावतात, म्हणजे तेच झाड पुन्हा. 1845 मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली. अर्थात त्यात राज्यकर्त्यांचाही वाटा होता. पण पिकात फरकच नव्हता, हेही खरं.

आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात हापूस आणि दक्षिणेकडचा नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' झाला, 1981 साली. त्यात हापूससारखा साका होत नाही. रत्ना आणि हापूस यांच्यापासून 1992 मध्ये पातळ बाठ्याचा 'सिंधू' आला. म्हणजे हापूसची खोड काढायची तर दुसऱ्या आंब्याकडे जावं लागलं.

आणि हापूसचं कलम उभं कशावर असतं? रायवळच्या बाठ्यातून उगवलेल्या खुंटावर. तीच रायवळची जुनी झाडं आज रस्त्यासाठी, लाकडासाठी, नव्या बागांसाठी पडतात, कारण त्यांना भाव नाही. प्रत्येक जुनं रायवळ झाड ही एक वेगळी जुळणी आहे, पुन्हा तशीच न होणारी. उद्या कुठला रोग येईल आणि कुठल्या झाडाच्या अंगात त्याचं उत्तर असेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझं मागणं एवढंच: बांधावरच्या रायवळला कुऱ्हाड लावण्यापूर्वी त्याचे चार बाठे तरी रुजवा.

प्रश्न असतील तर घेऊ या.