पूर्वसमुद्रावरचे भाडेकरू

बंगळूरच्या मल्लेश्वरम या वस्तीत काडु मल्लेश्वराचे जुने देऊळ आहे. 'काडु' म्हणजे रान. आज रानाची खूण म्हणून देवळाच्या आवारातली थोडी झाडी तेवढी राहिली आहे. बाकी सगळीकडे १८९८ च्या प्लेगनंतर वाढीस लागलेल्या उपनगराचे आखीव रस्ते आणि संपिगे रस्त्यावरची बाजारपेठेची वर्दळ दिसते. उपनगराने देवाचे नाव घेतले. त्यापूर्वी येथे मल्लापूर नावाचे खेडे होते, आणि त्या खेड्याचा उल्लेख १६६९ च्या एका शिलालेखात सापडतो. मल्लापूरच्या लोकांनी मागणी केल्यावरून मेदरनिंगनहळ्ळी हे गाव तेथील मल्लिकार्जुनाला इनाम दिल्याची ती नोंद आहे. इनाम देणाऱ्याचे नाव एकोजी.

मराठी वाचक या एकोजीला व्यंकोजी म्हणून ओळखतो, आणि बहुधा शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ एवढीच ओळख पुरेशी मानतो. १६७७ साली कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली, वडिलार्जित जहागिरीच्या वाटणीवरून बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून निघून गेला. शालेय इतिहासात त्याला मिळालेली जागा एवढीच. या माणसाने मराठी राज्यसत्ता कावेरीच्या मुखापर्यंत नेली आणि त्याच्या वंशजांनी पुढे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास एका वेगळ्याच समुद्राशी व्यवहार केला, ही गोष्ट त्या प्रसंगाच्या सावलीत पडून राहिली. मराठ्यांचा समुद्र म्हटले की सिंधुदुर्ग, जंजिरा, कुलाबा, कान्होजी आंग्रे डोळ्यांसमोर येतात. पूर्वेचा समुद्र आपल्या आठवणीत जवळजवळ नाहीच.

मल्लापूरच्या देवाला ज्या वर्षी गाव मिळाले, त्याच वर्षी त्या पूर्वसमुद्रावर एक विलक्षण घटना घडली. कारिकलच्या उत्तरेला तरंगमबाडी नावाचे बंदर आहे. नावाचा अर्थ सांगतात तो लाटा गातात ते गाव असा. युरोपियनांनी त्याचे 'ट्रँकेबार' केले. १६२० साली डेन्मार्कच्या राजाच्या वतीने ओवे ग्येडे या दर्यावर्दी सरदाराने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून येथे किल्ला बांधण्याची आणि व्यापाराची परवानगी मिळवली. नायकाने डेन्मार्कच्या चौथ्या क्रिश्चनला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेले पत्र पाठवले, ते कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात अद्याप जपलेले आहे. सोन्याचे पत्र असले तरी करार जागेच्या वापराचा होता. डेन लोकांनी दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि जमीन राजाची राहायची.

पण युरोपातल्या युद्धांनी डेन्मार्क खंगला आणि जहाजे येईनाशी झाली. वसाहतीतली माणसे मेली किंवा निघून गेली. अखेरीस एस्किल्ड अँडरसन कोंग्सबाके नावाचा एकच डेन उरला. हा सामान्य कुळातला, निरक्षर माणूस होता. त्याने डान्सबोर्ग किल्ल्यावरचे निशाण उतरू दिले नाही. उपसागरात जहाजे लुटून त्या पैशातून तटबंदी दुरुस्त केली, गावाभोवती कोट घातला, आणि नायकाच्या फौजेशी कधी लढून तर कधी बोलणी करून तग धरला. जाणाऱ्या परक्या जहाजांबरोबर तो मायदेशी खलिते पाठवत राहिला. १६६९ च्या मे महिन्यात 'फेरो' हे डॅनिश जहाज तरंगमबाडीला लागले तेव्हा एकोणीस वर्षांचा एकांत संपला. त्याच साली सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर इनाम देणाऱ्या जहागीरदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे दहा वर्षांच्या आत हे परके त्याच्याच राज्यात राहू लागले.

तंजावरचे नायक आणि मदुरेचे नायक यांच्या वैरात विजापूरने एकोजीला मदतीला धाडले. मदत करायला गेलेल्याने १६७५-७६ च्या सुमारास तंजावर स्वतःकडेच ठेवले. आजही मल्लेश्वरमहून निघालेला प्रवासी होसूर, सेलमवरून पठार उतरतो आणि कावेरीच्या सोबतीने तंजावर, कुंभकोणम, मयिलाडुतुरै करीत समुद्र गाठतो. या वाटेवर मातीचा रंग बदलतो, नाचणीच्या जागी भात येतो, आणि एका जहागीरदाराने बंगळूर सोडून येथेच का ठाण मांडले याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. दूर पडलेले बंगळूर त्याला विकून टाकायचे होते. बोलणी चालू असतानाच १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि चिक्कदेवराज वडेयराला तीन लाख रुपयांना देऊन टाकले.

एकोजीच्या हाती आलेला किनारा रिकामा नव्हता. नागपट्टणात १६५८ पासून डच होते, त्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले होते. तरंगमबाडीला डेन होते. पश्चिम किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी परक्यांच्या समुद्रावरील हक्कालाच आव्हान दिले आणि त्यासाठी आरमार उभे केले. तंजावरकरांनी आरमाराचा मार्ग धरला नाही. त्यांनी नायकांची रीत पुढे चालवली. परका व्यापारी भाडेकरू आहे, त्याने सालीना रक्कम भरावी आणि मर्यादेत राहावे. ही भूमिका भोळेपणाची होती असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते न्याय्य होणार नाही. पन्नास-साठ वर्षे ती उत्तम चालली. भाडेकरू डोईजड वाटला तेव्हा १६९९ साली तंजावरच्या फौजेने तरंगमबाडीला वेढा घातला. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली म्हणून डेन वाचले. त्या वेळी गादीवर एकोजीचा मुलगा शहाजी होता. मराठी नाटकाच्या इतिहासात 'लक्ष्मीनारायण कल्याण'चा कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तोच हा.

तरंगमबाडीत आज शिरताना पहिल्यांदा लागते ती वेस. तिच्यावर १७९२ हा आकडा आहे. तिच्यातून सरळ जाणारा किंग्ज स्ट्रीट थेट समुद्राकडे नेतो. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना जाड भिंतींची, खांबांच्या ओट्यांची घरे, आणि भर दुपारीही एक प्रकारची सामसूम. १७०१ चे झायन चर्च आणि १७१८ चे न्यू जेरुसलेम चर्च याच रस्त्यावर आहेत. रस्ता संपतो तेथे मोकळे मैदान आणि पलीकडे फिकट रंगाचा डान्सबोर्ग. हा किल्ला राजगडाच्या किंवा जिंजीच्या अर्थाने किल्ला नाही, तटाच्या आत बांधलेली वखारच ती. खाली कमानींच्या गोदामांत माल, वर अधिकारी. आता तेथे छोटे संग्रहालय आहे. किल्ल्याच्या उत्तरेला अगदी पाण्यालगत मासिलामणिनाथाचे देऊळ उभे आहे. ते १३०६ सालचे, पांड्य राजवटीतले आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने नेला. डेन येण्याआधी तीनशे वर्षे हे गाव जागे होते, हे या उरलेल्या देवळावरून कळते. वसाहतीच्या वास्तू पाहायला येणारे पुष्कळसे पर्यटक मात्र त्याच्याकडे पाठ करून किल्ल्याची छायाचित्रे घेतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या किनाऱ्यावर हाहाकार केला. सर्वांत मोठा फटका बसला तो कोळ्यांच्या वस्तीला.

न्यू जेरुसलेम चर्चमध्ये बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग याची समाधी आहे. हा जर्मन पाद्री ९ जुलै १७०६ रोजी प्लुट्शाउ या सहकाऱ्याबरोबर येथे उतरला. गावातल्या डॅनिश अधिकाऱ्याशी त्याचे इतके बिनसले की त्याला काही महिने कैदेत काढावे लागले. तंजावरच्या मुलखात तर परवानगीवाचून पाऊल टाकणे या मंडळींना कठीणच होते. तरीही तो तमिळ शिकला. १७१२-१३ मध्ये येथे छापखाना सुरू झाला आणि लवकरच तमिळ नवा करार छापून निघाला. याच मिशनमध्ये १७५० साली आलेला क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरला गेला, आणि तुळजाजी राजाने दत्तक घेतलेल्या सरफोजी या मुलाचा पालक व शिक्षक झाला. १७९८ साली श्वार्ट्झ वारला. सरफोजीने लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून आणले, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

सरफोजीने तंजावरात देवनागरी छापखाना काढला. तेथे १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. मुद्रित मराठीचा दुसरा आरंभ बंगालमधील श्रीरामपूरचा. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण तेथे १८०५ साली निघाले. श्रीरामपूरही तेव्हा डॅनिश वसाहत होती. इंग्रज कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणूनच कॅरी व त्याच्या साथीदारांनी डॅनिश निशाणाचा आसरा घेतला होता. मराठी छापील ग्रंथाचा जन्म पुण्या-मुंबईकडे न होता पूर्वेच्या दोन टोकांना झाला आणि दोन्हीकडे या ना त्या नात्याने डेन होते, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांनी अधिक ठळकपणे करायला हवी.

हा ज्ञानाचा व्यवहार चालू असताना जमिनीचा व्यवहार मात्र उलटत गेला होता. भाडेकरूंना मालक होण्याची वाट राजघराण्यातील भांडणांनीच दाखवली. गादी गमावलेल्या सयाजीने १७३८ साली मदतीच्या बदल्यात कारिकल फ्रेंचांना देऊ केले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ते ताब्यात घेतले. ते १९५४ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. १७४९ साली तोच सयाजी इंग्रजांकडे गेला. त्याला गादीवर बसवण्याच्या नावाखाली इंग्रजांनी कोळ्ळिडमच्या मुखावरचे देवीकोट्टै घेतले. त्या हल्ल्यात तरुण रॉबर्ट क्लाइव्ह होता. प्रतापसिंह राजाने देवीकोट्टै इंग्रजांना देऊन समेट केला, आणि सयाजीच्या वाट्याला पोटगी आली. प्लासीची जी युक्ती म्हणून इतिहासात गाजली, तिचा सराव असा तंजावरच्या खाडीत झाला. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेसह तंजावर घेतले, १७७६ मध्ये ते परत मिळाले, परंतु ते कंपनीच्या मर्जीने. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीने राज्यकारभार कंपनीला दिला. त्याच्याकडे उरला तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. आता भाडे ठरवणारा बदलला होता.

या तहानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. राज्य गेल्यावर वंशाची कथा दगडात घालण्याची ही निकड समजण्यासारखी आहे. समजायला अवघड आहे ती दुसरी वास्तू. पट्टुकोट्टैपासून वीसेक किलोमीटरवर, पाल्कच्या सामुद्रधुनीवर, सरफोजीने १८१४-१५ मध्ये आठ मजल्यांचा षट्कोनी बुरूज उभारला. इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव यांच्या स्मरणार्थ तो उभारल्याचे लेख त्यावर अनेक भाषांत आहेत, त्यांत मराठीही आहे. लोक त्याचा संबंध वॉटर्लूशी जोडतात. ती लढाई जून १८१५ ची, पण नेपोलियनने पहिल्यांदा सिंहासन सोडले ते एप्रिल १८१४ मध्ये, हेही ध्यानात घ्यावे. आपले राज्य घेणाऱ्यांच्या जयाचा स्तंभ राजाने आपल्याच पूर्वजांच्या किनाऱ्यावर बांधावा, ही केवळ खुशामत होती काय? कदाचित होतीही. पण हस्तलिखितांनी समाधान न होणाऱ्या, युरोपातून पुस्तके आणि यंत्रे मागवणाऱ्या या माणसाला जगाच्या घडामोडींत आपलाही शब्द असावा असे वाटले असेल, आणि तो शब्द उच्चारायची एवढीच रीत त्याच्या हाती उरली होती. आजूबाजूचे तमिळ लोक या बुरुजाला 'मनोरा' म्हणतात.

१८४५ साली डेन्मार्कने तरंगमबाडी आणि श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकले. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजीचा मुलगा शिवाजी होता. ज्या जमिनीसाठी रघुनाथ नायकाने सोन्याचा पत्रा कोरला आणि एकोजीच्या वंशाने सव्वाशे वर्षे मालकी सांगितली, तिच्या खरेदीखतात त्याला काही जागा नव्हती. दहा वर्षांनी तो निपुत्रिक वारला आणि कंपनीने तंजावर खालसा केले. मल्लापूरचा देव मात्र आपल्या जागी राहिला. १९९७ साली त्याच्या देवळासमोर जमिनीखाली गाडलेले नंदीतीर्थ खणून मोकळे करण्यात आले. नंदीच्या मुखातून पडणारे पाणी खालच्या लिंगावर पडते आणि तेथून कुंडात उतरते.