कचरा दाबणारी गाडी

रिकामी खोकी, चुरगळलेले कागद, डबे अशा कचऱ्यात बरीचशी जागा हवेनेच व्यापलेली असते. त्यामुळे पूर्वीच्या उघड्या गाड्या पुरेसे वजन भरण्याआधीच काठोकाठ भरत. अमेरिकेतील गार वुड कंपनीने १९३८ साली 'लोड-पॅकर' गाडी आणली. मागून टाकलेला कचरा तिच्यातील पोलादी फळी तेलाच्या दाबाने आत रेटून दाबत असे. आपण वर्गात शिकवतो तोच हा पास्कलचा नियम : द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोचतो, म्हणून मोठ्या दट्ट्यावर मोठे बल मिळते. एका खेपेत जवळजवळ दुप्पट कचरा मावू लागला. मात्र दाबल्याने कचऱ्याचे आकारमान घटते, वस्तुमान नाही. शिवाय एकत्र दाबलेला ओला-सुका कचरा पुन्हा वेगळा करणे फार अवघड. ते काम गाडी येण्यापूर्वी, घरीच करायला हवे.