बॅकअपमधून पासवर्ड परत मिळवताना : प्रत आणि किल्ली, दोन्ही आवश्यक

बँक, भविष्यनिर्वाह निधी, आयकर, ईमेल अशा अनेक खात्यांचे पासवर्ड एका कूटबद्ध फाइलमध्ये साठवणाऱ्या संगणकीय प्रणालीला पासवर्ड मॅनेजर असे म्हणतात. वापरकर्त्याने केवळ एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा असतो. संगणक निकामी झाला अथवा चोरीस गेला, तर हा साठा बॅकअपमधून, म्हणजे पूर्वी घेऊन ठेवलेल्या प्रतीमधून, परत मिळवता येतो. मात्र प्रत हाती असणे आणि ती उघडता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. बँकेच्या लॉकरला ज्याप्रमाणे दोन किल्ल्या लागतात, त्याप्रमाणेच येथेही फाइल आणि तिची किल्ली या दोहोंची आवश्यकता असते.

पेशव्यांनी १७४२ मध्ये नारोशंकर यांची झाशीचे सुभेदार म्हणून नेमणूक केली. मराठी कुटुंबांचा झाशीशी असलेला संबंध असा जुना आहे. उदाहरणादाखल, तेथील सिव्हिल लाइन्स भागातील अशाच एका घराचा विचार करता येईल. निवृत्त वडील झाशीत, मुलगी पुण्यात, घरातील एकमेव संगणकाची हार्डडिस्क बंद पडलेली आणि बॅकअप एका बाह्य डिस्कवर. निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्याचा पासवर्डही त्याच फाइलमध्ये आहे. अशा वेळी काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती पुढे दिली आहे.

पहिले पाऊल

बॅकअपची मूळ डिस्क नव्या संगणकाला जोडून लगेच बॅकअप सुरू करू नये. तसे केल्यास जुन्या प्रतीवर नवी, रिकामी प्रत लिहिली जाण्याचा धोका असतो. प्रथम संपूर्ण बॅकअपची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करावी आणि पुढील सर्व प्रयत्न त्या नकलेवरच करावेत. एकाहून अधिक तारखांच्या प्रती उपलब्ध असतील, तर त्या सर्व जपून ठेवाव्यात. सर्वांत अलीकडची प्रत सदोष असू शकते आणि तिच्या आधीची उपयोगी पडू शकते.

फाइल कोठे असते

हे प्रत्येक प्रणालीनुसार बदलते. २००३ पासून उपलब्ध असलेल्या कीपास या मुक्त प्रणालीत सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये असतात. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये या फाइलच्या नावाच्या शेवटी केडीबीएक्स ही अक्षरे येतात. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची हे वापरकर्ताच ठरवतो. त्यामुळे संपूर्ण बॅकअपमध्ये या अक्षरांचा शोध घेणे श्रेयस्कर ठरते. मुख्य पासवर्डबरोबर स्वतंत्र किल्ली-फाइल वापरली असेल, तर तीही शोधावी लागते. तिच्याशिवाय साठा उघडत नाही.

फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये पासवर्ड एका फाइलमध्ये आणि ते उलगडणारी किल्ली दुसऱ्या फाइलमध्ये असते. दोन्ही फाइल एकाच प्रोफाइलच्या आणि एकाच वेळच्या असाव्या लागतात. विंडोजमध्ये हे प्रोफाइल ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. ज्यांनी केवळ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांचाच बॅकअप घेतला, त्यांना ते बहुधा सापडत नाही.

क्रोम ब्राउझरची विंडोजवरील पासवर्डची फाइल त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. ती उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवल्याने सहसा काम होत नाही. गूगल खात्याशी समन्वय सुरू असल्यास मात्र नव्या संगणकावर त्या खात्यात प्रवेश केल्यावर पासवर्ड परत येतात. बिटवॉर्डन, वनपासवर्ड यांसारख्या सेवांचा साठा कंपनीच्या सर्व्हरवर कूटबद्ध स्वरूपात असतो. तेथे स्थानिक बॅकअपपेक्षा खात्याचा मुख्य पासवर्ड महत्त्वाचा ठरतो. वनपासवर्डला त्याखेरीज एक गुप्त कळही लागते. खाते सुरू करताना ती ज्या कागदावर छापून ठेवली असेल, तो कागद शोधणे हेच पहिले काम असते.

पासवर्ड चुकीचा ठरल्यास

बरोबर पासवर्ड नाकारला जाण्याचे एक साधे कारण कळफलकाची भाषा हे असते. मराठी अथवा हिंदी कळफलक सुरू असताना टंकलेली अक्षरे वेगळी उमटतात. कॅप्स लॉकही तपासावे. तसेच, जुनी प्रत ती घेतली त्या दिवशीच्या मुख्य पासवर्डनेच उघडते. नंतर तो बदलला असेल, तर आधीचा आठवावा लागतो.

मुख्य पासवर्ड पूर्णपणे विसरला असेल, तर चांगल्या प्रणालीत त्यावर मागचा दरवाजा नसतो. स्टीफन थॉमस या संगणक अभियंत्याची हकिगत २०२१ मध्ये जगभर प्रसिद्ध झाली. ७,००२ बिटकॉइनची किल्ली असलेल्या त्यांच्या सुरक्षित पेनड्राइव्हचा पासवर्ड ज्या कागदावर लिहिला होता, तो कागदच हरवला. दहा संधींपैकी आठ त्यांनी तोपर्यंत वापरल्या होत्या.

साठा हमखास उघडून देण्याची जाहिरात करणाऱ्यांपासून म्हणूनच सावध राहावे. दुरुस्तीसाठी डिस्क देताना मुख्य पासवर्ड कोणालाही सांगू नये. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

साठा उघडल्यानंतर

नोंदी नव्या प्रणालीत नेण्यासाठी काढलेली साधी यादी कूटबद्ध नसते. काम होताच ती कायमची पुसावी. बॅकअप घेतल्यानंतर बदललेले पासवर्ड त्यात नसतात, हेही लक्षात घ्यावे. प्रथम ईमेलचा पासवर्ड तपासावा, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलता येतात. डिस्क चोरीस गेली असल्यास बँकेसह सर्व महत्त्वाचे पासवर्ड बदलणे इष्ट. लास्टपास या कंपनीच्या ग्राहकांच्या साठ्यांच्या बॅकअप प्रतीच २०२२ मध्ये हल्लेखोरांनी चोरल्या होत्या. बॅकअपलाही मूळ साठ्याइतकेच संरक्षण हवे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पुढील काळासाठी

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्यत्र, हा प्रचलित नियम उपयुक्त आहे. समन्वय म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी चुकून पुसलेली नोंद सर्वच ठिकाणांहून पुसली जाते. संगणकाशेजारच्या कपाटातील डिस्क त्याच चोरीत अथवा आगीत नष्ट होऊ शकते. सिव्हिल लाइन्समधील वडिलांनी एक कूटबद्ध प्रत पुण्यातील मुलीकडे द्यावी आणि मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटात, डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावा. ही प्रत उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी पाहावे. बँक खात्यांना वारसाचे नामांकन केलेले असणेही तितकेच आवश्यक आहे. खातेदाराच्या पश्चात पैसे मिळण्याचा रीतसर मार्ग नामांकनाचा आहे, पासवर्डचा नव्हे.