बिनशेती झालेले पाणी

पावसाच्या वाहत्या पाण्यावर तहसीलदाराचा एक जुना अधिकार चालतो. तो १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमातला आहे. शेती, कुरण, झाडे किंवा पिके यांखालच्या जमिनीवर पडलेले पाणी शेजारच्या जमिनीकडे आपल्या वाटेने जात असेल आणि कोणी बेकायदा बांध-भराव घालून ते अडवले, त्यामुळे त्या जमिनीचे नुकसान होत असेल, तर मामलेदाराने अडथळा काढून टाकावा, असे त्याचे पाचवे कलम सांगते. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत लावायचा. मुंबई इलाख्यात जन्मलेला हा कायदा पुढे मराठवाड्यातही आला. आज आपल्याकडे तो ओळखला जातो शेतरस्त्याच्या भांडणांमुळे. पण कलमात पाणीही आहे.

त्याहून जुना १८८२चा सुविधाधिकार कायदा. त्याच्या सातव्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत एक असे : वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक प्रवाहात नसलेले पाणी खालच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहू देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. खेड्यातला कोणीही शेतकरी हे कायदा न वाचता सांगेल. वरच्याचे पाणी खालच्याने घ्यायचे, ही बांधावरची रीतच आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. गावनकाशे, गॅझेटियर आणि कायद्यांची जुनी पुस्तके यांच्या नादात जे कळले तेवढीच माझी शिदोरी. या दोन कलमांशी मी बराच काळ अडखळलो. दोन्ही कायदे वरच्या मालकाची बाजू घेतात. अडवणाऱ्याला दोष देतात, सोडणाऱ्याला नाही. हा पक्षपात का? उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते, मातीत होते. वरच्या मालकाला वेगळा लगाम घालण्याची गरजच नव्हती, कारण त्याचे शेतच पाण्याला लगाम घालत होते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिला पाऊस पोटात घेते. पुढे ती फुगून भरली तरी सऱ्या, बांध, धुऱ्यावरचे गवत पाण्याला रेंगाळायला लावतात. खालच्याकडे जाते ते उरलेसुरले, तेही सावकाश. 'नैसर्गिकपणे' या एका शब्दात कायद्याने हे सगळे गृहीत धरले होते.

जालन्याचा जुना कारभारही याच गृहीतावर उभा होता. कुंडलिकेच्या एका काठाला जालना, समोरच्या काठाला कादराबाद. औरंगाबादचे जुने गॅझेटियर सांगते, की भरभराटीच्या काळात या गावाला पाच तलाव होते आणि नंतर एकच उरला, तो मोती तलाव. जमशेदखान या अंमलदाराने तो बांधून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळवले होते. पुढे निजामी राजवटीत शहराच्या वरच्या अंगाला घाणेवाडीचा तलाव झाला. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात पाणी अडवणे हेच राज्यकर्त्याचे काम होते. पाणी घालवायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो माती सोडवत होती.

तो प्रश्न उभा राहिला जमीन बिनशेती होऊ लागली तेव्हा. १९६६ साली महाराष्ट्रात दोन मोठे कायदे झाले. जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाने नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ सरकारचे ठरले. तिच्याच चव्वेचाळिसाव्या कलमाने शेतजमीन अकृषिक करण्याची परवानगी कशी घ्यायची ते सांगितले. दुसरा कायदा प्रादेशिक व नगररचनेचा. त्यातून विकास योजना आणि बांधकामाचे नियम आले. गटारे बांधणे नि साफ ठेवणे हे काम नगरपालिकांच्या १९६५च्या कायद्याने आधीच पालिकेच्या गळ्यात घातले होते. अशी वाटणी झाली : नाला सरकारचा, गटार पालिकेचे, प्लॉट मालकाचा. प्लॉटवरून गटारापर्यंत आणि गटारातून नाल्यापर्यंत येणारे पाणी मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

ते पाणी किती, याचा हिशोब कोणालाही करता येईल. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होते. शेत असताना त्यातले पाव वाहून गेले असे धरू. पन्नास हजार लिटर झाले. तिथे स्लॅब, फरशी आणि सिमेंटचे रस्ते आले आणि नऊ दशांश वाहून गेले असे धरले, तर एक लाख ऐंशी हजार लिटर. पाऊस तोच, एकर तोच. शिवाय शेतातून जे पाणी काही तास झिरपत यायचे ते आता काही मिनिटांत खाली उतरते. नाल्याची रुंदी मात्र गावनकाशावर होती तेवढीच राहते, किंवा कमी होते.

मुंबईत हाच हिशोब पुढे सरकारी कागदावर आला. तिथल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातला निम्माच वाहून येईल, असे धरून आखलेल्या होत्या. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे आकडे बदलले : तासाला ५० मिलिमीटर, आणि पडलेला सगळाच पाऊस वाहून येईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर त्या अहवालाची सर्वांना आठवण झाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. निम्म्यावरून पूर्णावर गेलेला तो आकडा मला पावसाच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. शहरात पाणी पिणारी माती उरलेली नाही, याची ती सरकारी कबुलीच होती. उपाय निघाला तो वाहिनी मोठी करण्याचा. वाहिनीत पाणी सोडणाऱ्याला काही विचारावे, हे तेव्हाही मुख्य सूत्र झाले नाही.

आता आपल्या शहरांना लागू असलेले नियम पाहू. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पाण्याबद्दल बरेच काही आहे. नाल्यापासून ६ मीटर, नदीपासून १५ मीटर अंतर सोडावे. निळ्या आणि लाल पूररेषांच्या आत बांधकामावर बंधने आहेत. स्पष्ट काठ नसलेला ओढा प्राधिकरणाच्या संमतीने वळवता येतो, पण त्याचे येण्याचे नि जाण्याचे ठिकाण बदलायचे नाही. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजलसंधारण सक्तीचे. ४,००० चौरस मीटरपासून पुढे दहा टक्के मोकळी जागा. वीस हजार चौरस मीटरच्या वरचे बांधकाम असेल तर केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथे पावसाच्या पाण्याचीही विचारणा होते.

नियम चांगले आहेत. पण त्यांचा रोख पाहा. अंतराचा नियम इमारतीला पाण्यापासून वाचवतो. शेजाऱ्याला इमारतीच्या पाण्यापासून वाचवत नाही. जलसंधारणाचा नियम टंचाईच्या पोटी जन्मला, म्हणून तो किती पाणी मुरवले ते मोजतो. किती बाहेर सोडले ते नाही. आणि ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. मराठवाड्यातल्या शहरांची वाढ एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांनी झाली आहे. तशी वस्ती नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. तेव्हा मुदत १ जानेवारी २००१ची होती, २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० झाली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर झाले ही मोठी गोष्ट. पण एकेका तुकड्याचे पाणी नियमाला दिसत नाही, आणि शंभर तुकड्यांचे मिळून नाला भरतो. तो भरला की पाणी सखल वस्तीत शिरते. स्वस्त जागा सखल भागातच मिळते, त्यामुळे वरच्या लेआउटचा खर्च खालच्या घरातली धान्याची कणगी आणि पोरांची दप्तरे भिजून फिटतो. त्या घरातल्या माणसाने तहसीलदाराकडे जावे, तर १९०६चे कलम शेतीच्या जमिनीसाठी आहे, आणि तेही पाणी अडवणाऱ्याविरुद्ध. त्याचे पाणी कोणी अडवलेले नाही, सोडलेले आहे.

यावर उपाय शोधायला जालन्याला फार लांब जावे लागत नाही. याच तालुक्यातल्या कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, माथा ते पायथा काम झाले. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध. नाल्यापासून सुरुवात करायची नाही, हा त्यातला पहिला धडा. गाव टँकरच्या यादीतून द्राक्षांच्या यादीत गेले. शहरात आपण नेमके उलटे करतो : सुरुवात नाल्यापासून, रुंदीकरण, खोलीकरण, भिंती; माथ्यावरच्या प्लॉटला कोणी हात लावत नाही.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्याने १९९०च्या दशकात जे केले ते कडवंचीपेक्षा वेगळे नाही. घराचे पाणी घराजवळच, झाडे लावलेल्या उथळ खळग्यात आधी थांबवायचे आणि मग सोडायचे. तिकडच्या अनेक स्थानिक संस्थांचा आता साधा दंडक आहे, की बांधकामानंतर प्लॉटवरून पाणी आधीपेक्षा जास्त वेगाने बाहेर जाता कामा नये. आपल्या भाषेत सांगायचे तर जी जबाबदारी माती गुपचूप पार पाडत होती, ती माती झाकणाऱ्याने उचलायची.

जालना नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिका झाली. नव्या संस्थेला नवा कायदा लागला, हद्दीचे आणि आराखड्याचे प्रश्न आले. लेआउट मंजूर करताना रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, समासातले अंतर तपासले जाते. त्याच अर्जात आणखी दोन रकाने असावेत : जमीन शेत होती तेव्हा या उतारावरून किती पाणी जात होते, आणि आता किती जाईल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर फरकाचे पाणी कुठे थांबवणार, ते नकाशावर दाखवायचे. खड्डा, खळगा, मुरमाची पट्टी, सामाईक तळे, काहीही चालेल. एक-दोन गुंठेवाल्याला हे एकट्याने जमणार नाही. त्याच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी पालिकेनेच जागा राखावी.

'नैसर्गिकपणे' हा शब्द १८८२पासून आपल्या कायद्यात आहे. त्याचा आधार घेऊन वरचा माणूस पाणी सोडत आला, आणि खालचा ते घेत आला. सिमेंटवरून येणारे पाणी त्या शब्दात बसत नाही, एवढे मान्य केले तरी पुढचा नियम लिहायला फार कागद लागणार नाही.