लोणार विवर
लोणार विवर : अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेला, बुलढाणा जिल्ह्यातील वर्तुळाकार खळगा. लोणार मेहकरच्या दक्षिणेस असून पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडे. विवराचा व्यास सु. १·८ किमी., खोली सु. १५० मी. (पहा : दक्षिण ट्रॅप).

विष्णूने लवणासुराला मारले ती हीच जागा, अशी पुराणकथा आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी विवरातील सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे विवर ज्वालामुखीचे मुख समजले जाई. मॅस्केलिनाइट ही आघातजन्य काच सापडल्यावर ते मत मागे पडले.

वयाबाबत मतभेद आहेत. तप्तदीपन पद्धतीने ते सु. ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉन पद्धतीने सु. ५·७ लाख. फरक दहापटीहून जास्त, आणि तो किरकोळ नव्हे : पहिला आकडा धरल्यास आघाताच्या वेळी पृथ्वीवर आधुनिक मानव होता, दुसरा धरल्यास नव्हता (पहा : मानवप्राणि). विवराच्या भिंतींतील खडक मात्र सु. ६·५ कोटी वर्षांपूर्वीचा.

चंद्र व मंगळ यांवरील विवरांच्या अभ्यासात बेसाल्टातील हे विवर तुलनेसाठी वापरतात. विवराच्या तळाच्या सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी. काठावरच्या ‘धार’ या झऱ्याचे गोडे. २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.